सोजराबाईंनी झोपवलेला तांडेल

पालघरला केळवे-माहीमच्या रस्त्यावर पूर्वी एक धर्मार्थ रुग्णालय होते. वीस खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक आया एवढाच त्याचा परिवार होता. त्या आयाबाईंचे नाव सोजराबाई. त्या शिरगावच्या. वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात मासळी विकली आणि त्यानंतर आजारी माणसांची सेवा केली. या दोन कामांत फार अंतर आहे असे सर्वांना वाटे. सोजराबाईंना मात्र तसे वाटत नसे. त्या म्हणत, "दोन्हीकडं माल नाजूक, आनि उन्हात ठेवायचा नाय."

सन १९६५ मध्ये रुग्णालयातील जुनी आया आपल्या लेकीकडे कायमची निघून गेली. तेव्हा डॉक्टर चुरी यांनी शांतपणे विचार केला. पाऊस असो, थंडी असो, सकाळी आठच्या ठोक्याला रुग्णालयाच्या मागच्या दाराशी हजर होणारी व्यक्ती संपूर्ण पालघरात एकच होती, आणि ती म्हणजे त्यांना पापलेट विकणाऱ्या सोजराबाई. डॉक्टरांनी त्यांना विचारले. सोजराबाईंनी पाटी खाली ठेवली, उरलेली मासळी डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात दिली आणि त्याच दिवशी कामाला लागल्या.

सुरुवातीस दोन अडचणी आल्या. पहिली अशी की, डोक्यावर ओझे नसले म्हणजे सोजराबाईंना चालताना तोल गेल्यासारखे वाटे. त्यामुळे त्या चादरींचे गाठोडे, पाण्याची बादली, एवढेच नव्हे तर औषधांचा ट्रेसुद्धा डोक्यावरून नेत. वत्सला सिस्टर या घाटावरच्या, अत्यंत शिस्तप्रिय बाई. ट्रे डोक्यावर पाहून त्यांनी प्रथम भिंत धरली. परंतु वर्षभरात डोक्यावरची एकही बाटली फुटली नाही, आणि सिस्टरांच्या स्वतःच्या हातून तीन फुटल्या, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

दुसरी अडचण आवाजाची होती. वीस वर्षे बाजाराच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला बोलावणारा तो आवाज. सोजराबाई हळू बोलत, तेव्हा तो रस्त्यापर्यंत जाई. त्या मोठ्याने बोलत, तेव्हा टांगेवाले टांगा थांबवून "कोनी बोलावलं?" असे विचारीत.

सिस्टरच्या टेबलासमोर चार खाटांची एक खोली होती. तिला सर्वजण गंभीर खोली म्हणत. ज्या रुग्णावरून रात्रंदिवस नजर हलवायची नाही, त्याला तेथे ठेवीत. आता मोठ्या शहरांत यालाच अतिदक्षता विभाग असे म्हणतात. त्या काळी दक्षता म्हणजे सिस्टरांचे टेबल, प्राणवायूचे एक नळकांडे आणि सोजराबाईंचे स्टूल.

सन १९६७ च्या कार्तिक पौर्णिमेस, शुक्रवारी, या खोलीत चिंतू तांडेल नावाचा रुग्ण दाखल झाला. तारापूरजवळच्या दांडी गावचा हा मच्छीमार होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल होता. जाळे सोडवताना तो थंड पाण्यात बराच वेळ राहिला आणि त्याच्या दोन्ही फुप्फुसांना सूज आली. ताप चढला होता, श्वास धापेचा होता आणि ओठ निळे पडले होते. सोबत त्याची पत्नी लाडकी होती. ती रडत नव्हती, परंतु पदराच्या टोकाची तिने चावून चावून पार चिंधी केली होती.

दर सहा तासांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू झाले. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. वत्सला सिस्टरांची वेळ कधी मिनिटाने चुकत नसे. रविवारपर्यंत ताप उतरला. परंतु चिंतूला झोप लागेना. जरा डोळा मिटला की तो दचकून उठे, भिंतीकडे पाहून बडबडे आणि त्या श्रमाने त्याला पुन्हा धाप लागे.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी सर्वांना खोलीबाहेर बोलावले. ते म्हणाले, "औषध आपले काम करते आहे. आता याला झोप हवी. झोपेवाचून अंगात ताकद येणार नाही, आणि ताकद नसली तर हा श्वास ओढता ओढताच थकून जाईल."

"मग झोपेची गोळी द्या ना," लाडकी म्हणाली.

"तेच तर करता येत नाही. गोळीने श्वास आणखी मंद होईल. याची झोप आपली आपण आली पाहिजे."

सोजराबाईंनी हे वाक्य नीट ऐकून घेतले. रुग्णालयात इंजेक्शन देणारे होते, छाती तपासणारे होते, परंतु झोप आणणारे कोणी नव्हते. ते काम आपले आहे, असे त्यांनी त्या क्षणी ठरवले. लाडकीचा हात धरून त्या म्हणाल्या, "तू काय घाबरू नको गो. मी याला झोपवते."

पुढील तीन तासांत त्यांनी रुग्णालय शांत केले. ती शांतता ज्यांनी अनुभवली, ते ती विसरले नाहीत. "बादली आपटू नको!" "चपला हातात घे!" "खोकायचं तर बाहेर जाऊन खोक!" अशा आज्ञा एकामागून एक सुटू लागल्या. रस्त्यावरून शेवग्याच्या शेंगा विकत जाणाऱ्यास त्यांनी खिडकीतून गप्प केले, आणि तो माणूस पुढे महिनाभर त्या रस्त्याने आला नाही.

शेजारच्या खाटेवर रामू खलाशी म्हणून एक रुग्ण होता. हा उत्तरेकडचा, बोईसरच्या बाजूस बांधकामावर अवजड सामान चढवणारा; अशा कामगारालाही खलाशी म्हणतात. ताडाच्या झाडावरून पडून त्याच्या चार बरगड्या मोडल्या होत्या. तो ताडावर कशासाठी चढला होता, हे त्याने शेवटपर्यंत सांगितले नाही. तो हळूच म्हणाला, "मौसी, बुरा मत मानना. आप अकेली चुप हो जाएँ तो पूरा पालघर सो जाएगा."

सोजराबाईंना राग आला, पण माणूस खरे बोलत आहे हेही त्यांना पटले. त्यांनी त्या दिवसापुरते तोंड मिटले आणि खुणांनी काम चालवले. खुणा करताना त्यांच्या हातातील बांगड्या वाजत, म्हणून त्यांनी बांगड्यांवर फडके गुंडाळले.

तेव्हा दुसरा आवाज सर्वांच्या कानी आला. तो दाराचा होता. गंभीर खोलीचे दार उघडताना आणि मिटताना बिजागऱ्या इतक्या कुरकुरत, की चिंतू प्रत्येक वेळी मान वळवी. सोजराबाई संध्याकाळी घरी जाऊन मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचे तेल घेऊन आल्या. हे माशाचे तेल होडीच्या लाकडाला लावतात, आणि त्याने लाकडाची कुरकुर थांबते हे किनाऱ्यावरील प्रत्येकास ठाऊक आहे. त्यांनी बिजागऱ्यांना, कड्यांना, खिडक्यांच्या खिट्यांना, इतकेच काय, चिंतूच्या खाटेच्या चारही पायांना ते सढळ हाताने लावले. दार खरोखरच लोण्यासारखे फिरू लागले. वत्सला सिस्टरांनी नाकाला रुमाल लावून त्यांचे अभिनंदन केले.

अंधार पडल्यावर पहिले मांजर आले. ते करड्या रंगाचे होते. पाठोपाठ दोन काळी आली. जेवणाची वेळ होईपर्यंत पालघरमधील सर्व मांजरांना बातमी पोहोचलेली होती. काही दाराला अंग घासत होती, काही खिडकीत बसून रडत होती, आणि एका जाड बोक्याने चिंतूच्या खाटेखाली जाऊन पुढचा डावा पाय चाटण्यास आरंभ केला होता. एका पायावर दोन बोक्यांचा हक्क निर्माण झाला, तेव्हा जो कलह झाला, त्याने मागच्या वॉर्डातील रुग्णही उठून बसले. सोजराबाई झाडू घेऊन पहाटेपर्यंत मांजरे हाकलत होत्या. त्यांनी तोंडाने एक अक्षरही काढले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. सकाळी त्यांनी सारे तेल सोड्याने धुऊन काढले आणि बिजागऱ्यांना खोबरेल लावले.

सोमवारी दांडीहून भेटीस येणारी माणसे आली. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर त्याला हलवून "वळखलास काय मना?" असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. रुग्णाने ओळखले तर तो वाचणार, असा त्यामागचा हिशेब. शिवाय ज्याने विचारले नाही, त्याला आजाऱ्याची काळजी नाही असे पुढे दहा वर्षे बोलले जाते. त्या दिवशी बसने तेरा माणसे आली. पाच जणांनी चिंतूला हलवून विचारले. पाचही जणांना त्याने ओळखले. सहाव्यास मात्र त्याने हात उगारला, आणि तेवढ्या श्रमानेच त्याला धाप लागली.

सोजराबाईंनी त्या सहाव्यासकट उरलेल्या आठ जणांना दारात अडवले. माणसे भांडू लागली. दांडीपासून ऊन खात आलो, आता न विचारता कसे परत जायचे? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तेव्हा सोजराबाईंना एक उपाय सुचला. त्या म्हणाल्या, "या बाजूला या. हा रामू. याचं या मुलखात कोन नाय. याला कोन विचारनार?"

आठही जणांची मने एकदम द्रवली. पहिली म्हातारी पुढे झाली आणि रामूच्या तोंडाजवळ वाकून तिने विचारले, "वळखलास काय रे मना?"

रामू म्हणाला, "हाँ मौसी, पहचान लिया."

"बघ गो, वळखलं!" म्हातारीने आनंदाने मागे वळून सांगितले, आणि चिंतूसाठी आणलेले शहाळे रामूच्या उशाशी ठेवले. आठ जणांना ओळखून रामूने तीन शहाळी, अर्धा डझन उकडलेली अंडी आणि तांदळाच्या पाच भाकऱ्या मिळवल्या. पुढे त्याची प्रकृती झपाट्याने सुधारली, याचे श्रेय डॉक्टर स्वतःकडे घेत असत.

चिंतूचे मात्र काही खरे दिसत नव्हते. त्याच दुपारी, रुग्णालयाचा चहा चुलीवर चढण्याच्या बऱ्याच आधी, तो एकाएकी उठून बसला. "ओढा रे, ओढा!" असे म्हणत त्याने दोन्ही हातांनी चादर ओढण्यास सुरुवात केली. हातातील सलाईनची सुई निघाली आणि रक्त सांडले. सिस्टर आणि सोजराबाईंनी त्याला मोठ्या कष्टाने निजवले. त्याचे ओठ पुन्हा निळसर झाले होते.

डॉक्टरांनी लाडकीला बाहेर नेले. सोजराबाई मागोमाग गेल्या. डॉक्टर म्हणाले, "आज सोमवार. बुधवारी सकाळपर्यंत याला झोप लागली नाही, तर मला याला मुंबईला पाठवावे लागेल. गाडीने. पण खरे सांगतो, या अवस्थेत हा प्रवास त्याला सोसेल असे मला वाटत नाही."

"आनि नाय पाठवला तर?" सोजराबाईंनी विचारले.

"तरी हा असा दोन दिवसांवर टिकणार नाही."

 लाडकीने सोजराबाईंकडे पाहिले. तुम्ही झोपवते म्हणाला होतात, एवढाच त्या पाहण्याचा अर्थ होता. सोजराबाईंनी आयुष्यात एकदा सांगितलेला मासळीचा भाव कधी बदलला नव्हता, आणि हा तर शब्द होता.

मंगळवारी दुपारी त्या स्टुलावर बसून चिंतूकडे एकटक पाहत होत्या. चुलीवरचा चहा उतू गेल्याचा वास आला, आणि नेमका त्याच वेळी चिंतू उठून बसला. पुन्हा तेच हात, पुन्हा तेच ओढणे. सोजराबाईंनी त्याला धरले खरे, पण त्यांचे मन दुसरीकडे धावत होते. काल हा चहाच्या बराच आधी उठला. आज चहाबरोबर उठला. म्हणजे पाऊण तासाने पुढे गेला. रोज पाऊण तासाने पुढे जाणारी गोष्ट त्यांना लहानपणापासून माहीत होती. होड्या कधी येतील, पाटी घेऊन किनाऱ्यावर कधी उभे राहायचे, हे त्या याच हिशेबाने ठरवीत आल्या होत्या.

त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर कप तोंडाला लावत होते.

"डॉक्टर, तुमचं घड्याळ त्याच्या कामाचं नाय."

डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिले. "का? सकाळीच रेडिओला लावून घेतले आहे."

"रेडिओवर कुठं दर्या असतो? आज कार्तिकाची वद्य चवथ. चार पाऊन किती?"

"तीन."

"वाजलं किती?"

"तीन वाजून दहा मिनिटे."

"मग? पुनवेला भरती बाराला, तिथनं रोज पाऊन तास पुढं. आत्ता पूर्न भरती झाली. पानी थांबलं. म्हनून तो जालं ओढायला उठला."

डॉक्टर केळव्याच्या बागायतदाराच्या घरातले. समुद्र त्यांनी रोज पाहिला होता, परंतु केवळ पाहिला होता. सोजराबाईंनी त्यांना समजावून सांगितले. दांडीची माणसे डोल टाकतात. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेले पिशवीसारखे मोठे जाळे. पाणी वाहत असते तोवर मासळी आपोआप आत जाते आणि होडीवरची माणसे झोपतात. भरती पूर्ण झाली किंवा ओहोटी पूर्ण झाली, की पाणी थांबते. तेव्हा सर्वांनी उठून जाळे ओढायचे. मग पुन्हा पाणी वाहू लागते आणि माणसे पुन्हा झोपतात. चिंतू तीस वर्षे असाच झोपत आला होता.

"आता बघा," सोजराबाई म्हणाल्या. "तीन वाजता तो उठला. चार वाजता त्याला झोप येनार. चारला त्याची मानसं भेटायला येनार, सहाला शिस्टर सुई टोचनार. सव्वानऊला ओहोटी, पुन्हा उठनार. दहाला झोप, की बाराला पुन्हा सुई. तो झोपेल कधी, सांगा तुमी!"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि औषधाच्या चिठ्ठीवर आकडे मांडले. "भरतीपासून ओहोटीपर्यंत किती वेळ जातो?"

"सहा तास. वर थोडं."

"पेनिसिलिनही सहा तासांनीच द्यायचे असते," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

वत्सला सिस्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. "समुद्र काय आपल्या नोकरीत आहे? उद्या तो म्हणेल पहाटे पावणेचारला या, तर मी यायचं?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "उद्या पंचमी. पावणेचारच येतात."

बाराचे इंजेक्शन देऊन साडेतीन तासच झाले होते. परंतु उशिरा देण्यापेक्षा लवकर दिलेले बरे, असा विचार करून डॉक्टरांनी पुढचे लगेच द्यायला लावले. चिंतू जागाच होता. त्याने निमूटपणे दंड पुढे केला. त्याला थोडी पेज पाजली. खिडकीला गोधडी लावली. रामूची खाट व्हरांड्यात आणली आणि भेटीस आलेल्या माणसांना परस्पर त्याच्याकडे नेले. त्या खोलीत दिवा लावायचा नाही, फरशी पुसायची नाही, सव्वानऊपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचे नाही, असे सोजराबाईंनी खुणांनी सर्वांना बजावले. बजावताना डोळे इतके वटारले, की वत्सला सिस्टर स्वतःच्या टेबलाशीसुद्धा चवड्यांवर चालत गेल्या.

चार वाजून काही मिनिटांनी चिंतूचे डोळे मिटले. पाच वाजले. सहा वाजले. सिस्टरांचा हात सवयीने सिरिंजकडे गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने मागे ओढला. सात झाले. लाडकी दाराच्या फटीला डोळा लावून बसली होती. आठ वाजता रामूने शिंक दाबून धरली. मोडलेल्या चार बरगड्यांनिशी शिंक दाबणे हे साधे काम नव्हे. सव्वानऊला चिंतूने आपले आपण डोळे उघडले. तो ओरडला नाही, त्याने चादर ओढली नाही. दाराच्या फटीतल्या लाडकीकडे पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "पानी देस काय गो?"

पाच तास. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी मुंबईला पाठवायचे नाव काढले नाही.

त्यानंतर रुग्णालय समुद्राच्या वेळेवर चालू लागले. वत्सला सिस्टरांनी इंजेक्शनांच्या तक्त्याशेजारी पंचांगाचे पान टांगले. बुधवारी पावणेचार आणि दहा, गुरुवारी साडेचार आणि पावणेअकरा, शुक्रवारी सव्वापाच आणि साडेअकरा. सिस्टरांचे जेवण, झोप आणि स्वभाव ही तिन्ही रोज पाऊण तासाने घसरत होती. चिंतू मात्र भरती-ओहोटीच्या मध्ये शांत झोपे, उठून सुई टोचून घेई, पेज पिई आणि पुन्हा झोपे. त्याचे ओठ लाल झाले. शनिवारी अष्टमी होती. आठ पाऊण सहा. म्हणजे इंजेक्शनची वेळ पुन्हा जुनीच, सहा आणि बारा. वत्सला सिस्टरांना अत्यंत आनंद झाला. त्या म्हणाल्या, "शेवटी लागली म्हणायची शिस्त समुद्राला!" सारे सुरळीत झाले आहे असे पाहून डॉक्टरांनी शुक्रवारी संध्याकाळी सोजराबाईंना आठवड्यात प्रथमच रात्रभर झोपायला घरी पाठवले होते.

आणि शनिवारी सकाळी सहा वाजता चिंतू उठला नाही.

सिस्टरांनी इंजेक्शन दिले. दंड किंचित थरथरला, एवढेच. नऊ वाजले. बारा वाजले. दुसरे इंजेक्शन झाले. भरती आली, ओहोटी झाली, परंतु चिंतू हलला नाही. शुक्रवारी रात्री साडेअकरापासून त्याने डोळे उघडले नव्हते. डॉक्टरांचा चेहरा उतरला. हा बेशुद्धीत गेला, आपण समुद्राच्या नादाला लागून वेळ घालवला, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी मुंबईच्या रुग्णालयास चिठ्ठी लिहिली आणि तीनच्या गाडीत स्ट्रेचर चढवू द्यावे म्हणून स्टेशन मास्तरांकडे माणूस पाठवला. लाडकी भिंतीशी बसली होती. या वेळी ती रडत होती.

साडेबाराला सोजराबाई आल्या. व्हरांड्यात त्यांना स्ट्रेचर दिसले. "कोनासाठी?" असे त्यांनी विचारले, आणि उत्तर न ऐकताच त्या आत धावल्या. डॉक्टरांनी सर्व सांगितले.

सोजराबाई म्हणाल्या, "पन डॉक्टर, आज अष्टमी."

"ठाऊक आहे. म्हणूनच सहाला उठायला हवा होता."

"नाय हो! आज भांग! मी आत्ता शिरगावच्या किनाऱ्यावरनं आले. सगली जाली वालत घातलीत. अष्टमीच्या भांगाला पान्याला ओढ नसते, डोल कोन टाकत नाय. मानसं घरात पडून झोपतात, मागची सारी झोप भरून काढतात. बायका उठवत पन नायत."

"हे तुम्ही आधी का सांगितले नाही?"

"हे काय सांगायचं असतं?" सोजराबाईंनी प्रामाणिक आश्चर्याने विचारले.

डॉक्टर पेचात पडले. झोप असेल, तर हलवून प्रवासात घातल्याने आठवड्याची कमाई वाया जाणार. बेशुद्धी असेल, तर थांबणे म्हणजे माणूस गमावणे. सोजराबाईंनी चिंतूच्या नाकापुढे हात धरला. श्वास लांब आणि संथ होता.  भांगाची झोप त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, परंतु दोन्ही फुप्फुसे सुजलेल्या माणसाची नव्हे.

"एकच परीक्षा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चिंतूच्या भुवईवर अंगठा ठेवला आणि जोराने दाबला.

चिंतूने डोळे उघडले नाहीत. त्याने केवळ हात वर करून डॉक्टरांचा अंगठा झटकला, डॉक्टरांचे आईवडील, आजोबा आणि केळव्यातील बाग यांच्याविषयी एक सविस्तर वाक्य उच्चारले, कुशीवर वळला आणि घोरू लागला. त्या शब्दांचा येथे उल्लेख करणे योग्य होणार नाही. वत्सला सिस्टरांनी कानांवर हात ठेवले. रामू खलाशाने मात्र ते पुन्हा एकदा सावकाश सांगण्याची विनंती केली.

लाडकी ताडकन उठली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती हसत होती. "बोलला! घरी उठवलं की रोज हेच बोलतो! हाच शब्द न् शब्द! झोपलाय डॉक्टर, माजा नवरा झोपलाय!"

डॉक्टरांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले आणि स्ट्रेचर आत घ्यायला सांगितले. चिंतू संध्याकाळी सव्वासहाला उठला. एकोणीस तास झोपल्यामुळे त्याला कडाडून भूक लागली होती. त्याने पेजेचे भांडे बाजूला सारून भात मागितला.

अमावास्येच्या आधी तो आपल्या पायांनी बसमध्ये चढून दांडीला गेला.

पौष महिन्यात एके दिवशी लाडकी रुग्णालयात आली. तिने सोजराबाईंसाठी सुके बोंबील आणले होते. ते हातात देऊन ती तेथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सोजरामावशी, जरा बोलायचं हाय. डॉक्टरांनी आराम करा सांगितलं, तेव्हापासून हा झोपूनच हाय. भरतीला झोपतो, ओहोटीला झोपतो, उधानात पन झोपतो. उठवायला गेलं की म्हनतो, माजी झोप मोडली तर मी मरेन, डॉक्टरांनी सांगितलंय. जालं कोन ओढनार? तुमी झोपवलात, आता तुमीच चला नि त्याला उठवा."

सोजराबाईंनी बोंबलांचा जुडगा पदराखाली घेतला. त्यांच्या आवाजाने औषधांच्या बाटल्या कपाटात किणकिणल्या.

"ते माजं काम नाय गो बाय. मी फक्त झोपवते. उठवायचं काम शिस्टरचं. तिला घेऊन जा, आनि सांग, सुई बरोबर घे."